तांब्याचा ताठा

ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला मी 'डबा' म्हणायचो. चारचौघांत, मोठ्याने. कुणी आपल्या जुन्या गाडीत तसा बसवलेला दिसला की माझं तोंड वाकडं व्हायचं. गाडी घाटात तापते का, हे मी विचारतसुद्धा नसे. तांबं-पितळ ते खरं, बाकी सगळी तडजोड, असा निकाल मी बॉनेट उघडायच्या आधीच देऊन मोकळा झालेलो असे.

आमची गाडी म्हणजे वडिलांची, अण्णांची प्रीमियर पद्मिनी. शहापूरला आमची भातगिरणी होती, तिच्या बऱ्या दिवसांत अण्णांनी ती सेकंडहँड घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. पाटीवर प्रीमियर लिहिलेलं असलं तरी गावात ती फियाटच. अण्णा रोज सकाळी बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी घालायचे आणि मगच चहाला बसायचे. ते गेल्यावर तो नेम मी चालवला. कुणी विचारलं तर अभिमानाने सांगायचो, गाडीला आधी पाणी, मग आम्हाला चहा.

या हट्टाला मी शास्त्राचा आधारही दिला होता. मी शाळेत विज्ञान शिकवलं. तांब्याची उष्णतावाहकता 400 च्या आसपास, ॲल्युमिनियमची 240 च्या आत, हे आकडे मला पाठ. मग ॲल्युमिनियम घालणारा माणूस एकतर अडाणी किंवा कंजूष, हे ओघानेच आलं. वर्गात मी मुलांना सांगायचो की निष्कर्ष काढण्याआधी सगळे घटक बघा. स्वतः मात्र एकच आकडा हातात धरून बसलो होतो.

त्यात 30 ऑक्टोबर 2023 हा दिवस उजाडला. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत 29 तारखेला संपली आणि काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून कायमची गेली. टीव्हीवर ती बातमी बघताना डोळ्यांत पाणी आलं, ते खोटं नव्हतं. पण त्यानंतर माझा मूळपणाचा ताप वाढला, हेही खरं. आता उरलेल्या गाड्या जशाच्या तशा जपायच्या, एक स्क्रूही परका लावायचा नाही, असं मी ठरवून टाकलं. आपण जणू एखाद्या संग्रहालयाचे रखवालदार आहोत अशा थाटात मी वागू लागलो.

गाडी मात्र तापत होती. कसारा घाटात तर तापायचीच. चढावर इंजिनाला काम जास्त, वेग कमी, त्यामुळे जाळीतून वारा कमी जातो आणि बेल्टवरचा पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवरच अवलंबून असतो. पुढे पुढे सपाटीलाही काटा वर जायला लागला. मी डिकीत पाण्याचे कॅन ठेवायला सुरुवात केली. रेडिएटर बदल, असं मुलगा सांगत होता. मी त्याला म्हणायचो, "तुमच्या पिढीला जपणं म्हणजे काय ते कळायचं नाही."

मे महिन्यात बहिणीकडे मुरबाडला निघालो होतो. किन्हवलीवरून सरळगावला जाणारा रस्ता, भर दुपार. किन्हवली मागे पडली आणि काटा लाल पट्ट्यात गेला. गाडी बाजूला घेतली, थंड होऊ दिली, कॅन ओतला. थोडं पुढे गेलो तर पुन्हा तेच. कॅन रिकामा. रस्त्यालगत एक वाडी होती आणि वाडीच्या विहिरीवर बायकांची गर्दी होती. नुकताच टँकर येऊन विहिरीत पाणी सोडून गेला होता. आमच्याकडे उन्हाळ्यात हे नेहमीचं आहे. टँकर विहिरीत रिकामा होतो आणि मग दोर टाकून ज्याचं त्याने शेंदायचं. पाणी गढूळ असतं. बायका हंड्याच्या तोंडावर लुगड्याचा पदर धरून ते गाळून घेत होत्या.

मी पाणी मागितलं. एका बाईने काही न विचारता आपली भरलेली कळशी उचलली आणि गाडीपर्यंत आणून दिली. मी बॉनेटमध्ये वाकून ती ओतत होतो, ती बाजूला उभी होती. ओतता ओतताच खालून डांबरावर थेंब पडायला लागले. डांबर इतकं तापलेलं की थेंबाचा डाग उमटून क्षणात नाहीसा व्हायचा.

ती म्हणाली, "दादा, खालून गळतंय."

मी म्हणालो, "जुनी गाडी आहे हो, तेवढं चालायचंच."

आणि हे मी हसून म्हणालो. कौतुकाने. घरी पाहुण्यांना सांगावं तसं.

ती म्हणाली, "तुमचं चालतंय."

बस, एवढंच. आवाजात राग नव्हता. कळशी घेऊन ती परत रांगेला लागली. रिकामी कळशी, म्हणजे पुन्हा शेवटचा नंबर.

यात चमकून जाण्यासारखं काय होतं, असं कुणी विचारेल. मला ते लगेच कळलंही नाही. सरळगाव येईपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो. एक कळशी पाणी तर मागितलं. रस्त्यावर अडलेल्याला पाणी देतातच. मी पैसेही पुढे केले असते. पण भांडणात माझी बाजू उभी राहीना. अडलेला माणूस पाणी मागतो ते अडचण म्हणून. मी तर अडचण डिकीत घालून घरातून निघालो होतो. गाडी गळते हे मला माहीत होतं. वाटेत कुणीतरी पाणी देईल हेही मी धरून चाललो होतो. माझ्या मूळ रेडिएटरचा हप्ता त्या विहिरीवरून भरला जात होता.

दुसरी गोष्ट जास्त बोचली. तानसा, भातसा ही धरणं आमच्या शहापूर तालुक्यात. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय. आज मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना मार्च उलटला की टँकर. यावर मी सभांमध्ये बोललोय, तावातावाने. मुंबईला आमच्या घशाची पर्वा नाही, हे माझं ठरलेलं वाक्य. त्या दुपारी मला पहिल्यांदा दिसलं की धरणाखालच्या वाडीशी मुंबई जशी वागते, तसाच मीही वागलो होतो. मुंबई निदान पाणी पिते. मी ते डांबरावर ओतत होतो.

दुसऱ्या दिवशी मुरबाडमध्ये एका रेडिएटरवाल्याकडे गाडी नेली. पन्नाशीचा माणूस, बोटं डाग देऊन देऊन काळी पडलेली. त्याने आधी रेडिएटरला हातच लावला नाही. बेल्टचा ताण बघितला, टायमिंग तपासलं, पाण्यात तेल मिसळतंय का, म्हणजे हेड गॅस्केट गेलंय का, ते पाहिलं. थर्मोस्टॅटच्या जागी बघितलं तर तिथे काहीच नव्हतं. कधीतरी कुणीतरी काढून टाकला होता. आपल्याकडे गाडी तापली की बरेच जण पहिलं तेच करतात. मग त्याने झाकण माझ्या हातावर ठेवलं. आतलं रबर लाकडासारखं कडक झालं होतं. हे झाकण नुसतं तोंड बंद करायला नसतं. ते आत दाब धरून ठेवतं आणि दाब वाढला की पाण्याचा उकळबिंदू वर जातो. 7 पौंडांचं झाकण धड असेल तर पाणी 100 ऐवजी 110 अंशांच्या पुढे गेल्यावर उकळतं. हे मी नववीला प्रेशर कुकरचं उदाहरण देऊन शिकवत आलो होतो.

शेवटी त्याने डाग सोडवून रेडिएटरची वरची टाकी उघडली आणि मला वाकून बघायला सांगितलं. नळ्यांची तोंडं ओळीने दिसत होती. काहींच्या तोंडाशी पांढरट तपकिरी थर इतका दाटला होता की पिनही शिरली नसती. पाणी तापवायच्या रॉडवर बसतो तसाच हा थर. काही नळ्या गळतात म्हणून मागे कुणीतरी दोन्ही टोकांना डाग देऊन कायमच्या बुजवल्या होत्या.

"विहिरीचं पाणी घालता?" त्याने विचारलं.

"रोज."

"रोज घालावं लागतं, हाच तर आजार आहे, सर. धड रेडिएटर पाणी पीत नाही."

अण्णांचा नेम, माझा अभिमान, चहाच्या आधीचं ते पाणी, सगळं एका वाक्यात निकालात निघालं. आम्ही दोन पिढ्या एका आजाराची पूजा करत होतो. रोज नवं पाणी म्हणजे रोज नवे क्षार. ते तापलं की नळीच्या आत थर बसणार, थर बसला की उष्णता बाहेर पडणार नाही, मग गाडी तापणार, उकळणार, पुन्हा पाणी. कूलंट मी कधी घातलंच नव्हतं. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, असं मीच लोकांना सांगायचो. कूलंटचं अर्धं काम आतला गंज थांबवण्याचं असतं, हे जाणून घ्यायची तसदी मी घेतली नव्हती.

शिवाय ही नळ्या-पात्यांची जाळी मूळची नव्हतीच. जुने डाग आणि पत्रा बघून तो म्हणाला की ही पूर्वी एकदा बदललेली आहे. म्हणजे अण्णांनीच कधीतरी, गिरणीच्या गडबडीत, काही तत्त्व वगैरे न मांडता ती बदलून घेतली होती.

तरी मी शेवटचा हट्ट केला. म्हटलं, "नवी जाळी तांब्याचीच घाला. ॲल्युमिनियम नको."

त्याने विचारलं, "सर, हेड कशाचं आहे?"

फियाटच्या या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. जी कंपनी इंजिनाच्या सगळ्यात तापणाऱ्या भागासाठी ॲल्युमिनियम वापरते, तिची गाडी रेडिएटरला ॲल्युमिनियम लावलं तर भ्रष्ट होते, असं मी इतकी वर्षं म्हणत होतो. उलट गाडी अशीच तापत राहिली असती तर तेच हेड वाकलं असतं. तांबं वाचवायच्या नादात मी इंजिन घालवायला निघालो होतो.

त्याने मात्र मला ॲल्युमिनियम विकायचा प्रयत्न केला नाही, हे इथे सांगायला हवं. त्याने दोन्हींचे गुणदोष समोर ठेवले. तांबं उष्णता जास्त चांगली वाहून नेतं, पण नळी आणि पाती यांच्यामध्ये कथील-शिशाचा डाग असतो आणि तो तितका वाहक नसतो. ॲल्युमिनियम हलकं आणि मजबूत, म्हणून नळ्या रुंद करता येतात, पातीला जास्त जागा टेकते. त्यामुळे माझा 400 विरुद्ध 240 चा हिशेब रेडिएटरला लागूच पडत नव्हता. पण तांब्याचा कुठेही फुटला तरी कुठल्याही गावात डाग देऊन मिळतो. ॲल्युमिनियमला आर्गन वेल्डिंगवालाच गाठावा लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विहिरीचं क्षारट पाणी घातलं तर ॲल्युमिनियम तांब्याच्याही आधी सडेल, त्याला बारीक भोकं पडतील. "धातू नंतर ठरवा," तो म्हणाला, "आधी पाणी कुठलं घालणार ते ठरवा."

मी ॲल्युमिनियमचा घेतला, जुन्याच्या मापावर बनवून. तांब्याच्या नव्या जाळीनेही काम झालं असतं, हे मान्य करतो. ॲल्युमिनियम निवडण्यात थोडा भाग हिशेबाचा होता आणि थोडा स्वतःला शिक्षा करण्याचा. सोबत नवा थर्मोस्टॅट, नवं झाकण, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, आणि बाजूला एक छोटी बाटली, तापल्यावर बाहेर आलेलं पाणी थंड झाल्यावर पुन्हा आत ओढून घेणारी. डिकीतले कॅन काढले. कसारा घाटात गाडी नेऊन आणली. काटा मध्यावर राहिला.

माझं सगळं मन बदललं, असा दावा नाही. बॉनेट उघडलं की ती पांढरी चकाकी अजून डोळ्यांत खुपते. जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत मूळपणाचे गुण कापले जातील हेही डोक्यात येऊन जातं. आणि ज्यांच्या गाड्यांना मी 'डबा' म्हणालो होतो, त्यांतल्या एकालाच मी फोन करून हे सांगितलं. बाकीच्यांना सांगायची लाज वाटते. म्हणून हे लिहितोय.

आता मुलगा म्हणतो की कॉन्टॅक्ट पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू, सकाळी पटकन सुरू होईल. मी नाही म्हटलंय. तोंडातून 'नाही' आपोआप निघालं. आता त्या 'नाही'ला कारण काय, हे शोधतोय. सापडलं नाही तर हो म्हणावं लागेल.