तिसऱ्या नंबरचा प्लग

गाडी मिसिंग मारायला लागली तेव्हा अब्बांनी ती बंद करायला सांगितली आणि काही न बोलता घरात निघून गेले. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. चारपैकी एक सिलिंडर काम करत नव्हता, एवढं मलाही कळत होतं. मिस्त्रीच्या घरात वाढलेल्या मुलाला तेवढं ऐकू येतंच.

गाडी १९८०ची. कागदावर प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीचं इंजिन. पण मिरजेत तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, सगळे फियाटच म्हणतात. पहिली पंधरा वर्षं सरली की नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि २०२५मध्ये आमची मुदत संपत होती. त्यासाठी धुराचा दाखला पाहिजे. मिसिंग मारणारी गाडी त्या मशीनवर पास होणं अवघड, कारण न जळलेलं पेट्रोल सरळ सायलेन्सरमधून बाहेर येतं. धाकट्या भावाने भंगारवाल्याशी बोलून ठेवलं होतं. "भाईजान, अब्बांना आता गाडी चालवता येत नाही, ठेवून काय करायचं?" मी फोनवर हो म्हटलं होतं. अब्बांना विचारलं नव्हतं.

अब्बा ८१ वर्षांचे. डोळ्यांची ऑपरेशनं झालीत, दिसतं बऱ्यापैकी, पण दोन्ही हात थरथरतात. चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो. थोड्या वेळाने ते बाहेर आले, हातात जुनी पत्र्याची पेटी होती. प्लग पाना, फिलर गेज, पितळी तारांचा ब्रश. पेटी बोनेटवर ठेवली आणि म्हणाले, "मेरेसे अब नै होता. तू निकाल."

आता हे सांगायला हवं की अब्बांनी मला शेवटचं असं काम सांगितलं होतं ते १९८९मध्ये.

तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. बारावीची परीक्षा संपली होती आणि सुट्टीत गॅरेजवर जात होतो. एका डॉक्टरांची फियाट आली होती, प्लग बदलायचे होते, अब्बा दुसऱ्या गाडीखाली होते. मी तीन प्लग बसवले. एक आत जाईना. आटे तिरके लागलेत हे मला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. पाना लावला, टॉमी घातली आणि जोर केला. फियाटचं हेड अॅल्युमिनियमचं आणि प्लगचं अंग पोलादी. पोलादाने अॅल्युमिनियम कापत नेलं. गाडी चालू केली तेव्हा त्या भोकातून फुस्‌फुस्‌ हवा यायला लागली. हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावं लागलं. त्याने भोक मोठं करून आत नवं बुश बसवलं. डॉक्टरांकडून अब्बांनी एक पैसा घेतला नाही. मला ओरडलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी मी तयार होऊन निघालो तर म्हणाले, "नको आऊ. तू कॉलेजका देख."

मी कॉलेजचं पाहिलं. मराठी घेऊन एम. ए. केलं, प्राध्यापक झालो. सत्कारांमध्ये, निरोप समारंभांमध्ये मी सांगत आलो की माझ्या मिस्त्री बापाने स्वतःचे हात काळे केले पण मुलाच्या हातात पुस्तक दिलं. टाळ्या पडतात. ते खोटं नाही. पण मला काढून टाकलं होतं हेही खोटं नाही, आणि ते मी कधी कुठे सांगितलं नव्हतं. गॅरेज भावाला मिळालं. पुढे तो पुण्याला गेला. तिथे आता तो गाडीला लॅपटॉप जोडतो आणि लॅपटॉप त्याला बिघाड सांगतो.

आणि समोरची ही गाडी तीच, डॉक्टरांची. १९९६मध्ये त्यांनी विकायला काढली आणि अब्बांनी घेतली. आमच्या ऐपतीबाहेरची होती. अम्मी महिनाभर धड बोलली नव्हती. मला तेव्हा वाटलं होतं, ती मला दिसत राहावी म्हणून घेतली असणार.

तर, इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. गरम अॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढायचा नाही, आटे सोबत घेऊन येतो. सायकलच्या पंपाने प्लगांच्या खोबणीतली धूळ उडवली, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. मग एकेक वायर काढून क्रमाने बाजूला ठेवली. चार प्लग वर्तमानपत्रावर १, २, ३, ४ असे ओळीने मांडले. अब्बा भिंग घेऊन बसले. प्लग हा इंजिनाच्या पोटातून बाहेर येणारा एकमेव साक्षीदार, बाकी सगळा अंदाज. टोकाचा चिनी मातीचा भाग फिका तपकिरी असेल तर जळण बरोबर. कोरडी मऊ काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला, चकचकीत काळा म्हणजे वंगणाचं तेल वर चढतंय. पांढराफटक, फोड आल्यासारखा म्हणजे पेट्रोल कमी किंवा टायमिंग पुढे गेलंय आणि प्लग भाजतोय.

आमचे तीन जरा जास्तच पांढुरके निघाले. अब्बा म्हणाले, पेट्रोलचा गुण. त्यांच्या उमेदीच्या काळात पेट्रोलमध्ये शिसं असायचं, प्लगवर त्याचा राखाडी थर बसायचा. २००० सालापासून ते देशभर बंद झालं आणि प्लगांचे रंग नव्याने शिकावे लागले. आता वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलच्या पोटात स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते सांभाळून घेतो. कार्बोरेटर बिचारा जुना हिशेबनीस, त्याला कोणी कळवलेलंच नाही.

तिसरा मात्र ओला काळा. अब्बांनी बोटाला लावून चोळला. पेट्रोल असतं तर उडून गेलं असतं. बोट बुळबुळीतच राहिलं. "तेल पीता है." व्हॉल्व्ह गाईड किंवा रिंगा झिजल्यात. खरा इलाज इंजिन उघडणं. ते या वयात ना गाडीला झेपणार ना अब्बांना. मग मिस्त्री लोकांची जुनी तोड: त्या एका सिलिंडरला एक पायरी गरम प्लग. बाकीच्या तिघांना आहे तोच नंबर, ते आधीच पांढरे आहेत, त्यांना आणखी गरम दिला तर भाजतील.

गरम प्लग म्हणजे जास्त ठिणगी देणारा, असा माझा लहानपणापासून समज होता. ठिणगीचा इथे काही संबंध नाही. आतलं चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णता हेडपर्यंत जायला वेळ लागतो, टोक तापलेलं राहतं, वर बसलेलं तेल-काजळी जळून जाते. तो गरम. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते, तो थंड. टोकाला साधारण साडेचारशे-पाचशे अंश सेल्सिअस तरी ताप हवा, तरच ते स्वतःला साफ ठेवतं. साडेआठशे-नऊशेच्या वर गेलं की ठिणगीची वाट न पाहता मिश्रण आधीच पेटतं.

सांगलीला दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने आधी इरिडियमचे प्लग दाखवले. नको म्हटलं. दुसऱ्या कंपनीचे काढले. मी ऐटीत म्हणालो, "तीन हे द्या, आणि एक याच्या वरच्या नंबरचा." घरी आलो. अब्बांनी चौथा प्लग हातात घेतला, खोक्यावरचं काही वाचलं नाही, आगकाडीची उलटी बाजू नाकाच्या आणि पत्र्याच्या मधल्या फटीत घातली. मग दुसऱ्या प्लगात घातली. तिथे काडी जास्त आत गेली. "ये तो थंडा लाया."

झालं असं होतं. मायकोच्या जुन्या प्लगांवर १७५, २२५ असे आकडे असत. आकडा मोठा तितका प्लग थंड. पुढे बॉशने पद्धत बदलली, आकडे लहान झाले आणि दिशा फिरली, मोठा आकडा म्हणजे गरम. चँपियनचंही तसंच. एनजीकेचं उलट, मोठा म्हणजे थंड. मी आणले होते एनजीकेचे आणि हिशेब केला होता बॉशचा. परत सांगली. काउंटरवरचं पोरगं हसलं नाही, हे त्याचं मोठेपण.

मग गॅप. नव्या प्लगचा गॅप खोक्यातून येतो तो आजच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या हिशेबाने मोठा असू शकतो, ०.८ आणि त्याच्याही पुढे. आमच्या गाडीला ब्रेकर पॉइंट आणि साधी कॉईल. अब्बा पंचवीस थाऊ ठेवतात, म्हणजे ०.६ मिलीमीटरच्या किंचित वर. जास्त ठेवला तर फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, चढावर भार आला की जुनी कॉईल हात टेकते. कमी ठेवला तर ठिणगी बारकी पडते आणि गाडी उभी असताना हलते. वाकवायचा तो फक्त बाहेरचा आकडा. मधल्या इलेक्ट्रोडवर जोर दिला की चिनी मातीला केसाएवढी चीर जाते, ती दिसत नाही आणि महिनाभर गाडी छळते.

फिलर गेजची पात सरकवताना ती अडायला नको आणि सैलही जायला नको, हलकी घासत जायला हवी. किती घासत, हे आकड्यात सांगता येत नाही. आमच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर घोडीवर तारेखालचा दोरा असाच सरकवत असतात, आणि कुठे थांबायचं ते त्यांचा कान ठरवतो. मी पात सरकवायचो, प्लग अब्बांकडे द्यायचो. त्यांच्या थरथरत्या हातात पात अजिबात थरथरत नव्हती, निदान मला तसं दिसलं. दोन परत आले. "टाइट है." "अब लूज कर दिया."

पहिला, दुसरा, चौथा बसला. तिसऱ्याच्या भोकात टॉर्च मारली तर कडेला वेगळ्या रंगाचं कडं दिसलं. लेथवाल्याचं बुश. ३६ वर्षं झाली होती. माझा हात थांबला.

"अब्बा, ही गाडी तुम्ही का घेतली होती?"

ते पेटी आवरत होते. म्हणाले, डॉक्टर कोणालाही विकतील, तो कुठेही घाटात नेईल, आणि बुश निघालं तर? बुश आपण बसवलेलं, आपलं काम. आपल्याकडे राहिलेली बरी.

माझ्याबद्दल त्यात काहीच नव्हतं. मी इतकी वर्षं मध्ये येऊन बसलो होतो. पण मग त्यांनी पेटीतून प्लग पाना काढला आणि स्वतःजवळच ठेवला. "पहले उल्टा फिरा. जोर नको कर. आटा खुद बोलता."

बोटांनी प्लग धरला, आधी उलटा फिरवला. आट्याचं तोंड सापडलं तसा किंचित टक् करून खाली बसला. मग सुलटा. पहिला फेरा, दुसरा, सगळा बोटांनीच तळापर्यंत गेला. तेव्हा कुठे त्यांनी पाना दिला. वॉशर टेकल्यापासून अर्धा फेरा, बस. त्यांनी कार्बोरेटरचा स्क्रू मला हळूच पाव फेरा सोडायला लावला. वायरी जोडल्या, १-३-४-२. चोक ओढला. दुसऱ्या सेल्फला गाडी धरली आणि चारही सिलिंडर एकसारखे बोलायला लागले. अब्बांनी डोळे मिटून ऐकलं आणि गाडीत बसले, डावीकडे.

मालगावच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर फिरवून आणली. दारात बंद केली. गार व्हायला दीड तास लागला, तोवर असरची नमाज झाली, अर्धा कप चहा झाला. मग अब्बा म्हणाले, "तीसरा निकाल."

काढला. भिंगाखाली त्यांनी तो बराच वेळ धरला, नाकाजवळ नेऊन वास घेतला. टोक तपकिरी होतं, एका बाजूला अजून थोडं काळं.

"चलेगा," ते म्हणाले आणि प्लग माझ्या हातात दिला. पाना मात्र या वेळी त्यांनी ठेवून घेतला नाही. "लगा दे," म्हणाले आणि वुजूचं पाणी तापलं का ते बघायला आत गेले.