नुसती प्रॅक्टिस? छे, ही तर कार्लटन-कॉलिंगवुड!

पॉइंट नाहीत, कप नाही, टेबलमध्ये नोंदही नाही. तरी मेलबर्नच्या प्रिन्सेस पार्कवर फेब्रुवारीच्या उन्हात जत्रा भरते. फूटीच्या प्री-सीझन मॅचला एकदा जाऊन बघाच!

मेलबर्नमध्ये नोकरीसाठी उतरलात की पहिल्याच आठवड्यात तीन प्रश्न येतात. कॉफी कुठली घेणार? राहतोस कुठे? आणि तुझी टीम कुठली? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुढे बदलली तरी कुणाला काही वाटत नाही. तिसऱ्याचं मात्र एकदा दिलं की दिलं. नवरा-बायको बदलतील, बँक बदलेल, टीम बदलायची नाही!

आणि टीम म्हणजे क्रिकेटची नव्हे हं. टीम म्हणजे फूटीची. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हे त्याचं भारदस्त नाव; पण ते फक्त आपल्यासारख्या पाहुण्यांना समजावून सांगताना वापरतात. मार्च उजाडला की ऑफिसात 'टिपिंग' सुरू होतं. १८ टीम, म्हणजे एका राउंडला साधारण नऊ मॅच. कोण जिंकणार ते सगळ्यांनी आधी सांगायचं. ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही तोही नाव देतो, कारण सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी दुसरा विषयच नसतो. आपल्याकडे आयपीएलच्या दिवसांत होतं ना, अगदी तस्सं.

मी सहा महिन्यांच्या प्रोजेक्टवर तिथे होतो. टीम ठरवायला मला उशीर होतोय हे शेजारच्या डेस्कवरच्या मित्राला सहन होईना. तो कॉलिंगवुडचा. समोर बसणारी टेस्टिंगमधली मैत्रीण कार्लटनची. दोघांचं एरवी उत्तम जमायचं, फूटीचा विषय निघाला की नाही. शेवटी दोघांनी मिळून मला फेब्रुवारीतल्या एका मॅचला धरून नेलं. कार्लटन विरुद्ध कॉलिंगवुड, प्री-सीझन.

"पण ही तर प्रॅक्टिस मॅच ना?" मी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की, पुण्यात कुणी मिसळीत साखर मागावी!

दोन पेठा, एक भांडण

कार्लटन आणि कॉलिंगवुड ही मेलबर्नची दोन जुनी उपनगरं. मध्ये फक्त फिट्झरॉय. धड पायी चालत गेलात तरी एका दुपारी दोन्ही पाहून होतील. कार्लटन क्लब १८६४ चा, नेव्ही ब्लू रंगाचा. कॉलिंगवुड १८९२ चा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. टोपणनाव 'मॅगपाय', तिथल्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्यावरून. कॉलिंगवुड म्हणजे सखल भागातली कामगार वस्ती, बुटांचे कारखाने, दारिद्र्य. कार्लटनकडे युनिव्हर्सिटी आणि पांढरपेशे. पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीज कार्लटनचे कट्टर भक्त होते. पुढे लायगन स्ट्रीटवर इटालियन मंडळी आली आणि कार्लटनच्या टीममध्ये बरासी, सिल्वान्यी अशी नावं मानाची झाली.

आज दोन्हीकडची घरं तुमच्या-माझ्या पगाराबाहेरची आहेत. कारखान्यांचे लॉफ्ट झाले, त्यात तीन-तीन कॅफे आले. वस्त्या पार बदलल्या, भांडण मात्र जिथल्या तिथे! "कॉलिंगवुडवाल्यांना दात नसतात" हा विनोद शहरात अजून चालतो, आणि सर्वांत मोठ्याने तो सांगतात कॉलिंगवुडवालेच.

या भांडणाचा महाग्रंथ म्हणजे १९७० ची ग्रँड फायनल. एमसीजीवर १,२१,६९६ प्रेक्षक. हा विक्रम आजही कायम आहे आणि कायमच राहणार, कारण आता त्या स्टेडियमची क्षमताच लाखाच्या आसपास आहे. हाफ टाइमला कॉलिंगवुड ४४ पॉइंटांनी पुढे. कार्लटनचे कोच रॉन बरासी यांनी पोरांना सांगितलं, थांबू नका, हँडबॉल करत सुटा. टेड हॉपकिन्स नावाचा बदली खेळाडू बेंचवरून आला आणि त्याने चार गोल ठोकले. कार्लटन १० पॉइंटांनी जिंकलं. माझ्या मित्राचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, तरी हे सांगताना त्याचा चेहरा पडला.

त्याचा हिशेब चुकता झाला तो २०२३ मध्ये. कॉलिंगवुडने ब्रिस्बेनला चार पॉइंटांनी हरवून १६ वं जेतेपद घेतलं आणि कार्लटनच्या १६ शी बरोबरी केली. कार्लटनचं शेवटचं मात्र १९९५ मधलं. मैत्रीण त्या वर्षी बालवाडीत होती.

रूल्स म्हणजे नेमके काय?

ट्रॅम नंबर १९. शहरातून रॉयल परेडने उत्तरेला निघाली की डाव्या-उजव्या बाजूला मोठमोठी झाडं लागतात आणि उजवीकडे प्रिन्सेस पार्क. मैदानाला हल्ली प्रायोजकाच्या नावाने आयकॉन पार्क म्हणतात. ट्रॅममध्येच मला दोन्हीकडून ट्यूशन मिळाली. तुमच्यासाठी शॉर्टमध्ये देतो.

मैदान अंडाकृती, चक्क क्रिकेटचं. ते साहजिकच आहे. टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की, हिवाळ्यात क्रिकेटर मंडळी सुस्त होतात, त्यांच्यासाठी एखादा फुटबॉल क्लब काढा. पुढच्या वर्षी, १८५९ च्या मे महिन्यात, मेलबर्नमध्ये नियम लिहिले गेले. म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याचे नियम लंडनमध्ये ठरले त्याच्याही चार वर्षं आधी.

एका बाजूला १८ खेळाडू. २० मिनिटांची चार क्वार्टर. वर खेळ थांबला असेल तेवढा वेळ आणखी. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून बॉल लाथेने पाठवला तर गोल, सहा पॉइंट. बाजूच्या फटीतून गेला तर 'बिहाइंड', एक पॉइंट. म्हणजे चुकलात तरी उत्तेजनार्थ बक्षीस आहे! बॉल हाताने फेकायचा नाही, एका तळव्यावर धरून दुसऱ्या मुठीने ठोसायचा. तो घेऊन पळायचं तर १५ मीटरच्या आत एकदा जमिनीवर टप्पा पाडायचा. बॉल लांबुडका, त्यामुळे टप्पा कुठे उडेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ऑफसाइड नाही.

आणि मग 'मार्क'. कुणीतरी १५ मीटरपेक्षा लांब मारलेला बॉल हवेत स्वच्छ झेलला की खेळ थांबतो, झेलणाऱ्याला निवांत किक मिळते. या झेलासाठी पोरं दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा रोवून वर चढतात. आपल्या दहीहंडीत चढताना खालचा तयार असतो, इथे त्याला पत्ताच नसतो. १९७० च्या त्याच फायनलमध्ये कार्लटनचा जेसालेंको असाच एकाच्या खांद्यावर चढला होता. त्याचा तो फोटो कुठल्या ना कुठल्या पबच्या भिंतीवर तुम्हाला भेटतोच.

शून्य पॉइंटांची मजा

मॅच खरंच कशासाठीच नव्हती. पूर्वी तसं नसायचं. १९८८ पासून २०१३ पर्यंत प्री-सीझनला स्वतःचा कप होता. काही वर्षं तर लांबून मारलेल्या गोलला नऊ पॉइंट मिळायचे. कार्लटनने तो कप २००५ मध्ये जिंकला आणि त्याच वर्षी खऱ्या सीझनमध्ये शेवटचा नंबर काढला. २००७ मध्ये पुन्हा जिंकला आणि १६ टीममध्ये १५ वा आला. "म्हणून प्री-सीझनला जिंकलो की आम्हाला घाम फुटतो," मैत्रीण म्हणाली.

पुढे कप गेला. आता या नुसत्या ट्रायल. कोच बेंचवर जास्तीची मंडळी घेतात, स्टार खेळाडू हाफ टाइमनंतर टोपी घालून बसून राहतात, नवे शिलेदार मैदानात उतरतात. एमसीजीवर हीच मॅच असेल तर खेळाडू मुंगीएवढे दिसतील. प्रिन्सेस पार्कवर तुम्ही कठड्याला टेकून उभे राहिलात की धाप ऐकू येते. दोन अंगं एकमेकांवर आदळतात तो आवाज टीव्हीवर कधीच कळत नाही. मटणाच्या दुकानात सुरा ठोकतात ना, तसा!

माझ्या शेजारी एक आजीबाई होत्या. ३० च्या वर तापमान, तरी गळ्यात लोकरीचा नेव्ही ब्लू स्कार्फ. मांडीवर टीमची यादी, हातात पेन्सिल. प्रत्येक नव्या पोरापुढे त्या काहीतरी खूण करत होत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "बाळा, खरी मॅच तर सगळेच बघतात. ही पोरं पहिल्यांदा आपला निळा जर्सी घालतात ते आज. उद्या त्यातला एखादा मोठा झाला तर मी म्हणायला हवं ना, मी तिथे होते!" आमच्याकडे आंतरशालेय क्रिकेटच्या मॅचला वही घेऊन बसणारे काका असतात. त्यांची ही सख्खी बहीण वाटली.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये असाच एक नवा पोरगा उडी मारून खाली आला आणि उठलाच नाही. गुडघा धरून पडून राहिला. निळा होता की काळा-पांढरा, ते सांगत नाही, कारण त्या क्षणी कुणी ते पाहिलं नाही. शिट्ट्या, टोमणे, सगळं बंद. मित्र पुटपुटला, "एसीएल नसू दे." तो लिगामेंट तुटला की अख्खं वर्ष गेलं. पोरगा दोघांच्या खांद्यांवर हात टाकून बाहेर गेला तेव्हा दोन्ही रंगांच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजीबाईंनी यादीत त्याच्यापुढे काहीच लिहिलं नाही. मॅचला पॉइंट नसतात, पण गुडघे खरे असतात. जॉइन होण्याच्या पहिल्या आठवड्यातच करिअरला ब्रेक लागला तर कसं वाटेल, विचार करा.

हसत-खेळत, पण सगळंच गोड नाही

हाफ टाइमला मीट पाय खायचा असतो. वर टोमॅटो सॉस. हातावर ओघळला पाहिजे, नाहीतर फाउल. शाकाहारींनी चिप्सवर समाधान मानावं.

पाय खाता खाता मित्राने स्वतःहून एक विषय काढला. कॉलिंगवुडच्या जुन्या मैदानावर, व्हिक्टोरिया पार्कवर, १९९३ मध्ये सेंट किल्डाचा आदिवासी खेळाडू निकी विनमार याला दिवसभर रंगावरून शिव्या ऐकाव्या लागल्या होत्या. मॅच जिंकल्यावर त्याने जर्सी वर केला आणि आपल्या कातडीकडे बोट दाखवलं. २०२१ मध्ये क्लबनेच नेमलेल्या समितीचा अहवाल आला. क्लबमध्ये वंशवाद मुरलेला आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. अध्यक्षांना जावं लागलं. "टीम माझी आहे, म्हणून हेही माझंच," मित्र म्हणाला. "तुला टीम निवडायला सांगतोय, तर हे आधी सांगायला हवं." मला तो त्या दिवशी सगळ्यात जास्त आवडला.

मैत्रिणीकडे त्याच मैदानाची दुसरी गोष्ट होती. ३ फेब्रुवारी २०१७. बायकांच्या व्यावसायिक लीगची पहिलीवहिली मॅच, इथेच, याच दोन टीममध्ये. प्रवेश फुकट. २४,५६८ लोक आले आणि गेट बंद करावे लागले. लीगच्या प्रमुखांनी बाहेर येऊन उरलेल्यांची माफी मागितली. कार्लटनच्या डार्सी व्हेसियोने चार गोल मारले, कार्लटन ४६-११ ने जिंकलं. "मी बाहेर राहिलेल्यांत होते," ती म्हणाली, "आणि आयुष्यात पहिल्यांदा आत जायला न मिळाल्याचा आनंद झाला."

गेट उघडतं तेव्हा

स्कोअर विचारू नका. दोन दिवसांत कुणाच्या लक्षात राहिला नाही. शेवटचा भोंगा वाजला आणि छोटी गेटं उघडली. पोरं-टोरं, बाप-आया, सगळे आपापले बॉल घेऊन मैदानात. याला 'किक टू किक' म्हणतात. निळ्या जर्सीतली मुलगी काळ्या-पांढऱ्या मुलाला बॉल मारतेय, तो परत मारतोय. मी बूट काढून गवतावर उभा राहिलो. बॉल सरळ खाली सोडायचा आणि पायाच्या वरच्या हाडाने मारायचा, दोघांनी शिकवलं. सातव्या प्रयत्नाला तो गिरक्या घेत सरळ गेला. समोरच्या आठ वर्षांच्या पोराने छातीशी झेलला आणि ओरडला, "मार्क!"

सोमवारी टिपिंगच्या यादीत नाव घातलं. टीमच्या रकान्यात कार्लटन लिहिलं. १९९५ पासून वाट बघणाऱ्यांची संगत जास्त रंगेल, असं वाटलं.

जायचंय?

कधी: प्री-सीझनच्या मॅच साधारण फेब्रुवारीच्या उत्तरार्धात असतात. कोण कुणाशी, कुठे, ते दरवर्षी बदलतं. आधी बघून घ्या.

कसं: शहरातून १९ नंबरची ट्रॅम, रॉयल परेडवर उतरा. शहराच्या मध्यभागातली फुकट ट्रॅमची हद्द त्याआधीच संपते, तेव्हा मायकी कार्ड हवंच.

काय न्यावं: टोपी, सनस्क्रीन, पाण्याची बाटली. ऊन आपल्यापेक्षा कडक चावतं.

नंतर: चालत लायगन स्ट्रीटला जा. पास्ता खा, जेलाटो खा. वेटरला टीम विचारायची गरज नाही, भिंत बघा!