टपरीची बाजू सोडताना

कारखान्यातलं खरं ज्ञान टपरीवर मिळतं, संगणकावर नाही, असं मी बरीच वर्षं ठासून सांगत आलो. नोकरी भोसरी एमआयडीसीत, मेंटेनन्सला. मॅन्युअल पालथं घालूनही न सापडलेला फॉल्ट चहाच्या वेळी कुणीतरी सहज सांगून जातो, हा अनुभव नेहमीचा. त्यामुळे वरून 'नॉलेज पोर्टल'चा फतवा आला की पहिलं नाक मुरडणार ते मी.

माझ्या हट्टाला पुस्तकाचंही पाठबळ होतं. ज्युलियन ऑर हा मानववंशशास्त्रज्ञ झेरॉक्सच्या कॉपिअर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत फिरला. त्याचं 'टॉकिंग अबाउट मशीन्स' १९९६ साली आलं. मॅन्युअल सांगतं तशी यंत्रं बिघडतच नाहीत. मग ही माणसं जेवताना, कॉफी पिताना एकमेकांना बिघाडांचे किस्से ऐकवत आणि त्यातूनच दुरुस्ती शिकत. मीटिंगमध्ये हे मी इतक्यांदा सांगितलं की लोक माझ्याआधी वाक्य पुरं करायचे.

झेरॉक्सचीच पुढची गोष्ट मात्र मी सोयीस्करपणे गाळत असे. नव्वदच्या दशकात कंपनीने हेच किस्से 'युरेका' नावाच्या प्रणालीत आणले. सुरुवात फ्रान्समध्ये झाली, घरोघरी पोचलेल्या मिनिटेल यंत्रणेवर. तंत्रज्ञाने क्लृप्ती लिहायची, जाणकार सहकाऱ्यांनी ती तपासायची, मग ती सगळ्यांना खुली. रोख बक्षिसाचा विचार झाला, तर तंत्रज्ञांना पैशांपेक्षा क्लृप्तीखाली आपलं नाव हवं होतं. युरेका पुढे इतर देशांतही गेली. आपल्याकडे असलं चालणार नाही, म्हणून मी विषय मिटवत असे.

माझं मत हललं ते एका रात्रपाळीमुळे. प्रेसच्या गिअरबॉक्समधून वेगळाच आवाज येत होता आणि ड्युटीवर नवी इंजिनिअर मुलगी. तिने आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकला. आमचे सर्वांत जुने फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, घरी जागेच होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक हाउसिंगला आणि मूठ कानाला लावून बेअरिंग ओळखणारा माणूस. फोनवरून त्याला काय कळणार, असं मी तरी म्हटलं असतं. त्यांनी व्हॉइस मेसेज केला : "पोरी, लोड काढ, आणि कपलिंगच्या बाजूने परत घे." दुसरं रेकॉर्डिंग ऐकून त्यांनी बेअरिंग सांगितलं. उघडल्यावर तेच निघालं. सकाळी मी दोन्ही आवाज ऐकले. मला फरक कळला नाही, ही गोष्ट वेगळी.

खटकलं ते दुसरंच. ही मुलगी आमच्या टपरीवर कधीच नसायची. तिथे असायचो आम्ही : कायम नोकरीतले, पहिल्या पाळीतले पुरुष. कंत्राटी पोरं पलीकडच्या गाड्यावर. ज्या मोकळ्या गप्पांचं मी कौतुक करत होतो, त्या तेवढ्याच वर्तुळात मोकळ्या होत्या.

म्हणून व्हॉट्सॲपची आरती ओवाळणार नाही. ते दोन आवाज महिन्याभरात वाढदिवसांच्या केकखाली गाडले गेले. शोधून सापडेल अशी जागा हवी, हे मग मीच साहेबांकडे मांडलं. अटी युरेकाच्याच : तपासणी फिटरांची, खाली नाव, आणि गुण-बक्षिसं अजिबात नकोत. गुण ठेवले की 'मशीन स्वच्छ ठेवावे' असल्या सूचनांनी पोर्टल भरतं. मामांचा प्रश्न मात्र तसाच आहे : "सगळं लिहून दिलं तर रिटायरमेंटनंतर मला बोलावणार कोण?" त्यांना सल्लागार म्हणून पैसे देऊन बोलवावं, असं मी सुचवलंय. उत्तर आलेलं नाही.

पोर्टल सुरू झालंय. कंत्राटी कामगारांना लॉगिन नाही, कारण लायसन्सचे पैसे माणशी लागतात. त्यांची क्लृप्ती सुपरवायझरच्या नावावर चढते. सध्या माझं भांडण त्यावर चालू आहे.