गच्चीवरचा टोमॅटो, ज्वारीचा टार्ट!

फॉरेनच्या कुकरी शोमध्ये एक सीन हमखास असतो. बाई परडी घेऊन परसात जाते, उन्हात पिकलेले लालबुंद टोमॅटो तोडते आणि तासाभरात टेबलावर टार्ट! बघायला मस्त. पण हाच सीन मे महिन्यात नांदेडच्या किंवा लातूरच्या गच्चीवर करून बघा. पारा चाळीसच्या वर, फरशीवर पाय ठेववत नाही आणि टोमॅटोच्या झाडाला फुलं येऊन गळून जातायत.

कारण साधं आहे. दिवसा 35 अंशांच्या वर ऊन आणि रात्रीही गारवा नाही, अशा वेळी टोमॅटोचे परागकण निकामी होतात. फूल येतं, फळ धरत नाही. युरोपातला उन्हाळा म्हणजे जवळजवळ आपला डिसेंबर! त्यामुळे आपल्याकडे रोपं डिसेंबर-जानेवारीतच लावायची. फेब्रुवारीत धरलेली फळं मार्च-एप्रिलमध्ये पिकतात. तोवर वर हिरवी शेडनेट बांधायची, बुडाशी पाचोळा पसरायचा आणि पाणी संध्याकाळी घालायचं.

पाणी! इथे खरी गोष्ट सुरू होते.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला निघा. एप्रिलमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळं, उघडं रान दिसतं. ज्वारी घरात गेलेली, करडई निघालेली. हिरवं दिसलंच तर विहिरीला किंवा बोअरला पाणी असलेल्यांचं. नांदेडला निदान गोदावरी आणि विष्णुपुरीचा आधार आहे. लातूर शहराची भिस्त मांजरा धरणावर. ते आटलं, तेव्हा 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. ज्या शहराने रेल्वेचं पाणी प्यायलंय, तिथे कुंडीत टोमॅटो लावायचा तर हिशोब तांब्यातांब्याने करावा लागतो. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कुंडीला. कुंडी मोठी असेल तर मातीत छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं आणि तेच भरायचं. पाणी झिरपत मुळाशी जातं, उन्हात उडून जात नाही.

आता टार्टकडे वळू. मैदा-बटर विसरा. लातूरच्या गंजगोलाईत, जिथे सोळा रस्ते एकत्र येतात, तिथे आजूबाजूच्या दुकानांत फिरलात की सामान हाताशी. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून भाकरीची कड फाटते आणि नवशिक्याला रडू येतं. टार्टला मात्र हाच गुण हवा असतो. त्याचं कवच ताणलं जायला नको, तोंडात भुगा व्हायला हवं!

एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, चार चमचे करडईचं तेल, ओवा, मीठ. तीन टोमॅटोंच्या चकत्या करून मीठ लावून पंधरा मिनिटं चाळणीत ठेवा. खाली जे पाणी जमेल त्यातच पीठ भिजवा, कमी पडलं तर साधं पाणी घ्या. थेंब वाया नाही आणि कवच आतून आंबटसर. गोळा तेल लावलेल्या ताटलीत हाताने थापा, कड उभी करा, काट्याने टोचे मारा.

ओव्हन नाही? कुकर आहे ना! रिंग आणि शिट्टी काढा, तळाला मीठ पसरून त्यावर स्टँड ठेवा, दहा मिनिटं तापवा. नुसतं कवच बारा मिनिटं भाजा. मग त्यावर दोन चमचे येसर भुरभुरवा. नसेल तर दाण्याचं कूट चालेल. टोमॅटोचा उरलेला रस ते पिऊन टाकतं आणि बूड ओलं होत नाही. वर कांदा, लसूण, हिरवी मिरची, शेवटी टोमॅटोच्या चकत्या. मंद आचेवर अर्धा तास.

खर्च? घरचे टोमॅटो असतील तर हॉटेलातल्या एका सँडविचपेक्षाही कमी. पुढच्या सुट्टीत गावी गेलात की आईकडून येसराची पुडी मागून घ्या. आणि पुण्या-मुंबईच्या बाल्कनीत डिसेंबरमध्ये कुंडी भराल, तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणी सिंकमध्ये ओतू नका. नळाला चोवीस तास पाणी असलं तरी!