दोघींचं देणं

उन्हाळ कांद्याच्या लावणीला बाया वाफ्यात उतरल्या की आमच्या विंचूरला बांधावर एक ट्रान्झिस्टर हमखास असायचा. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताच्या अंगठ्याने एकेक रोप चिखलात दाबत मागे सरकायचं आणि तोंडाने वाद घालायचा, लताबाई मोठ्या की आशाबाई? गाणं लागलं की पहिल्या ओळीलाच कोण गातंय ते सांगायचं, आणि ते सांगितलं की भांडण सुरू. लतावाल्या म्हणायच्या, "तो आवाज म्हणजे देवघरातली समई." आशावाल्यांचं उत्तर तयार असे. "रुसणं, चिडवणं, हसणं कुणी गायचं मग?" माझी आत्या पक्की आशावाली. माझी थोरली बहीण, ताई, लतावाली. या दोघींचं माझ्यावर जे देणं आहे, ते त्या वादातूनच मला हळूहळू उमगत गेलं.

ताईचा आवाज उंच आणि स्वच्छ होता. गल्लीतल्या भजनात पेटी तिच्या पट्टीत, काळी पाचमध्ये लागायची. मलाही गायचं होतं, पण तिथे माझा आवाज फाटायचा. बाया सहज म्हणायच्या, "ताईसारखं नाही येत हिला." मी गाणं सोडलं आणि ताईशी नीट बोलणंही. भजनाला बसायचे, पण ओठ मिटून.

आत्याच्या ते लक्षात आलं. एका एकादशीला ती पेटीवाल्या बाबांना म्हणाली, "हिच्यासाठी पट्टी उतरवा, बाबा." त्यांनी काळी तीनवर सूर धरला. मी अभंगाचं पहिलं चरण म्हटलं आणि तो आवाज माझाच आहे, यावर माझा विश्वास बसेना. घरी येताना आत्या एवढंच म्हणाली, "आशाबाईंनी काय केलं असेल मग? घरात लताबाई असताना?"

आत्याचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी पुढे कितीतरी वर्षं शोधत राहिले. लताबाई १९२९च्या, आशाबाई १९३३च्या. थोरलीचा आवाज सगळ्या हिंदुस्थानाने नायिकेचा आवाज म्हणून मान्य केलेला असताना धाकटीने त्याच वाटेने जायचं म्हणजे आयुष्यभर 'तिच्यासारखं नाही' हे ऐकत राहायचं. लतादीदींसारखं गायलो तर आपल्याला वेगळं कोण बोलावणार, म्हणून मुद्दाम दुसरा ढंग शोधला, हे आशाबाईंनी स्वतः मुलाखतींतून सांगितलं आहे. ओ. पी. नय्यर यांनी लताबाईंकडून एकही गाणं गाऊन घेतलं नाही. त्यांच्या 'नया दौर'ने १९५७ साली आशाबाईंना नायिकेचा आवाज म्हणून उभं केलं. आणि १९८१च्या 'उमराव जान'साठी खय्यामसाहेबांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं. आधी त्यांना ते अवघड वाटलं, पण त्याच गझलांनी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा आमचे पेटीवाले बाबा डोळ्यांसमोर उभे राहिले.

त्या एकादशीपासूनच मी आशावाल्यांत सामील झाले, आणि फार कडवी झाले. ताईच्या आवडीचं गाणं लागलं की उठून जायचे.

वडील अचानक गेले तेव्हा ताई दहावी झाली होती. पुढे शिकायचं तिच्या मनात होतं. त्याविषयी ती पुन्हा बोलली नाही. पहाटे गाडी जुंपून गड्याबरोबर लासलगावच्या मार्केटात जायची. आडत्याशी भावावरून हुज्जत घालायची, पट्टीचा कागद घडी करून पदराच्या गाठीत बांधून आणायची. माझ्या डी.एड.ची फी त्या कांद्यातून गेली. मला ते दिसत होतं, पण कळत नव्हतं. भजनाला जायला तिला वेळ उरला नाही. मी मात्र, आता माझी तुलना कुणाशी होणार नाही, या मोकळेपणाने गात होते.

डी.एड.ला असताना कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी गिरीश कर्नाडांच्या 'उत्सव'मधलं लता-आशांचं द्वंद्वगीत बसवायला घेतलं. १९८४चा चित्रपट, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं संगीत, आणि शब्द आपल्या वसंत देवांचे. कॅसेट पुन्हा पुन्हा मागे घेऊन मी फक्त आशाबाईंच्या जागा टिपत होते. पण ते गाणं तसं ऐकताच येत नाही. एकीचा प्रश्न, दुसरीचं उत्तर. लताबाई ओळ जिथे ठेवतात तिथूनच आशाबाईंना ती उचलायची आहे, आणि ठेवणारीने ती उचलता येईल अशी ठेवली आहे. लताबाईंचं गाणं मी त्या दिवशी पहिल्यांदा मन लावून ऐकलं.

मग त्यांच्याविषयीही वाचत गेले. २४ एप्रिल १९४२ला मास्टर दीनानाथ गेले तेव्हा लताबाई तेराव्या वर्षात होत्या. मागे मीना, आशा, उषा आणि धाकटा हृदयनाथ. घर चालवायचं म्हणून त्या सिनेमात कामं करू लागल्या. धाकटीला बंड करता आलं, १९४९ साली घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करता आलं, वेगळ्या वाटेचा धोका पत्करता आला, ते थोरली घर धरून होती म्हणूनही. दोघींतल्या दुराव्याच्या गोष्टी लोकांनी चवीने चघळल्या. सई परांजपे यांच्या 'साज' चित्रपटात गाणाऱ्या दोन बहिणी पाहिल्यावर आमच्या गल्लीतही आठवडाभर त्याच चर्चा. स्पर्धा नसेल असं मी म्हणणार नाही. पण पेडर रोडच्या प्रभुकुंजमध्ये या बहिणी शेजारी शेजारीच राहिल्या, आणि १९७७च्या 'जैत रे जैत'मध्ये हृदयनाथांनी ना. धों. महानोरांच्या शब्दांसाठी दोघींनाही बोलावलं. 'मी रात टाकली' थोरलीकडे, 'नभं उतरू आलं' धाकटीकडे. महानोर स्वतः शेतकरी. त्यांचे शब्द आमच्या वाफ्यातल्या बायांना कुणी समजावून सांगावे लागले नाहीत, आणि ही गाणी लागली की वाद आपोआप थांबायचा.

जिल्हा परिषदेच्या शाळेत लागल्यावर परिपाठाची प्रार्थना माझ्याकडे आली. दर वर्षी रांगेत कुणीतरी ओठ मिटून उभं असतं. त्या मुलाला मी मधल्या सुट्टीत एकट्याला म्हणायला लावते आणि त्याचा सूर सापडेपर्यंत पट्टी खाली आणत जाते. यात माझं काही नाही, ही आत्याची रीत. मला ही नोकरी करता आली ती ताईमुळे.

६ फेब्रुवारी २०२२ला लताबाई गेल्याची बातमी आली आणि मी सुट्टीचा रविवार म्हणून तडक विंचूर गाठलं. ताई खळ्यावर होती. इतकी वर्षं घशात अडकलेलं मी तिला सांगून टाकलं, की तू गाणं सोडलंस ते माझ्यासाठी. ती म्हणाली, "सोडलं कुठं? लावणीला म्हणतच होते की. तू ऐकायला नव्हतीस." मग थोड्या वेळाने, "आणि एकटीनं गायला मला नेहमीच नको वाटायचं. तुझी पट्टी वेगळी लागते हे पेटीवाल्या बाबांनी आधी ओळखायला हवं होतं, दोघींना आलटून पालटून म्हणता आलं असतं."

आता सुट्टीत गेले की आम्ही तसंच म्हणतो. तिचा आवाज थकला आहे, काळी पाच आता झेपत नाही. पेटी आपसूकच माझ्या पट्टीकडे येते, आणि तिथे तिच्या आवाजाला मी पूर्वी कधी न ऐकलेली एक खोली आहे. आत्या हे ऐकायला राहिली नाही. हा लेख छापून आला की ताईला वाचून दाखवणार आहे. शेवटी ती काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय, "आशाबाईंचं जास्त लिहिलंस."