कामातून गेलेला रस्ता

स्वित्झर्लंडमधला गोटहार्डचा घाट चढून आता कामाला सहसा कोणी जात नाही. ज्याला काम आहे तो गोशेनेनला बोगद्यात शिरतो आणि १६.९ किलोमीटर अंधारातून जाऊन ऐरोलोला बाहेर पडतो. शिरताना दुकानांच्या पाट्या जर्मन असतात, बाहेर पडताना इटालियन. हा बोगदा १९८० साली उघडला. रेल्वेचा त्याआधीच, १८८२ मध्ये झाला होता, आणि २०१६ पासून त्याच्याही खाली ५७ किलोमीटरचा आणखी एक आहे. सिमेंट, टोमॅटो, टपाल, समुद्रावर सुटीला निघालेली कुटुंबं, सगळं डोंगराच्या पोटातून जातं. सुटीच्या दिवसांत बोगद्याच्या तोंडाशी गाड्यांची काही किलोमीटर रांग लागते. वर २,१०६ मीटरवर जुना रस्ता मात्र ऊन खात पडलेला असतो. त्याच्याकडून कोणाला काही नको असतं. आम्ही निघालो होतो त्याच्यावरूनच.

आम्ही म्हणजे मी, माझा नवरा आणि झुरिचहून भाड्याने घेतलेली एक थोराड बीएमडब्ल्यू. तो पुढे, मी मागे. लग्नानंतर बरीच वर्षं आम्ही पुण्यात असेच स्कूटरवर डबलसीट असायचो, पण त्याला फिरणं म्हणता येणार नाही. मला बँकेच्या दारात सोडायचं, त्याने पुढे भोसरीला जायचं, संध्याकाळी हेच उलट. मग पुढे उभी राहिलेली मुलगी आली, मग मुलगी आणि दप्तर, मग दप्तर, क्लासची पिशवी आणि पायाशी दळणाचा डबा. स्कूटर गेली, कार आली, नंतर आणखी एक आली आणि एका दुचाकीवर दोघांनी बसायचं कारणच उरलं नाही. तो निवृत्त झाला त्या वर्षी एकदा चहा पिता पिता म्हणाला, "आल्प्सला जायचं का? मोटरसायकलवर?" मी विचारलं, "कशाला?" त्याला उत्तर देता आलं नाही. मला ते पटलं.

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढणं, व्हिसा, विमान, हे सगळं सगळ्यांचं सारखंच असतं. ते सोडून देते.

मागच्या सीटवर बसणाऱ्याला काही करावं लागत नाही, असं लोकांना वाटतं. सपाटीवर ते खरंही आहे. घाटात मात्र मागे बसणं हे अंगमेहनतीचं काम आहे, आणि मला ते सुस्टेनच्या घाटाने शिकवलं. सुस्टेनचा रस्ता १९३८ ते १९४५ या काळात मोटारींसाठीच आखून बांधला, त्यामुळे त्याची वळणं मोठी, ऐसपैस आहेत आणि नवशिक्याला सांभाळून घेतात. गाडी वळणात कलली की आपणही तिच्याबरोबर कलायचं. घाबरून ताठ राहिलात की गाडी वळणाच्या बाहेर ओढली जाते. तो डावीकडे वळत असेल तर त्याच्या डाव्या खांद्यावरून बघायचं, उजवीकडे वळत असेल तर उजव्या. एवढं केलं तरी अंग आपोआप योग्य जागी जातं. उतारावर ब्रेक लागला की माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर टक्कन आपटायचं. म्हणून मांड्यांनी सीट घट्ट धरायची आणि पुढे हात घालून पेट्रोलच्या टाकीवर तळवे टेकायचे. संध्याकाळी दंड भरून यायचे.

त्यात रस्त्याची बाजू उलटी. आपल्या घाटात डावीकडचं वळण तोकडं आणि उभं, उजवीकडचं प्रशस्त. तिकडे उजवीकडे चालवायचं, त्यामुळे उजवं हेअरपिन वळण वैऱ्यासारखं वागतं. पहिला गिअर, क्लच अर्धा, आणि मान पूर्ण वळवून नजर वरच्या रस्त्यावर, कारण नजर जाते तिकडेच गाडी जाते. ताम्हिणी आणि वरंध घाटात मुरलेल्या माणसालाही हे नव्याने गिरवावं लागलं. तो गिरवत असताना मी श्वास रोखून धरत होते, ते त्याला जाकिटातूनही कळत होतं म्हणे.

हेल्मेटमध्ये एकमेकांशी बोलायची सोय होती. ती आम्ही पहिल्याच संध्याकाळी काढून पेटीत टाकली. "सांभाळून" हा शब्द मी किती वेळा उच्चारला ते त्याने मोजलं होतं. पुढे आमचं बोलणं टपल्यांवर आलं. उजव्या बरगडीवर एक टपली म्हणजे थांब, दोन म्हणजे हळू, आणि पाठीवर हात सपाट ठेवला तर काही नाही, असाच ठेवला आहे.

गाडीवरच्या दोघांना रस्ता सारखा दिसत नाही. त्याला डांबर दिसायचं. दुरुस्तीनंतर ओतलेल्या काळ्या पट्ट्या उन्हात मऊ होतात आणि त्यावर चाक सरकतं. वळणाच्या आतल्या कडेला बारीक खडी साचते. कातळातून झिरपणाऱ्या पाण्याने सावलीतला रस्ता ओला राहतो. गाई गेल्या असतील तर शेण. हे सगळं तो मला रात्री आंडरमाटच्या खानावळीत रोश्टी खाताना सांगायचा. मी धबधब्याचं वर्णन करायला लागले की विचारायचा, "धबधबा? कुठे होता?" सबंध आल्प्स माझ्या वाट्याला आला होता. त्याला जो मिळाला तो रात्री, माझ्या तोंडून.

समोरून येणारा प्रत्येक मोटरसायकलवाला डावा हात खाली सोडून नमस्कार करतो, ही तिकडची रीत आहे. हेअरपिनमध्ये माझ्या नवऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असायचे, तेव्हा ते खातं माझ्याकडे आलं. जर्मन, डच, इटालियन, तरुण, पिकल्या दाढीचे, सगळ्यांना मी मागून हात केला. माझ्यासारख्या मागे बसलेल्या बायका जरा जास्त वेळ हात करायच्या, हे माझ्या लक्षात आलं.

आंडरमाटच्या खाली श्योलेनन नावाची अरुंद घळ आहे आणि तिच्यात रॉयस नदी आदळत-आपटत उतरते. तिच्यावर सैतानाचा पूल आहे. गोष्ट अशी सांगतात की, हा पूल माणसांना बांधता येईना तेव्हा सैतानाने तो बांधून दिला. अट एवढीच की पहिला जो जीव पुलावरून येईल तो माझा. गावकऱ्यांनी बोकड पुढे सोडला. चिडलेल्या सैतानाने पूल फोडायला एक धोंडा उचलून आणला, तर वाटेत भेटलेल्या म्हातारीने त्यावर क्रूस काढला आणि त्याचा बेत फसला. तो धोंडा गोशेनेनला आजही आहे. १९७७ साली महामार्गाच्या आड यायला लागला तेव्हा स्विस लोकांनी हा २२० टनांचा दगड फोडून न टाकता १२७ मीटर बाजूला सरकवला. सैतानाची वस्तूही जपून ठेवावी असं ज्यांना वाटतं, त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं आहे.

मला मात्र तिथे बोरघाटातला शिंग्रोबा आठवत होता. रेल्वेला घाटातली वाट दाखवली आणि त्या बदल्यात गोळी मिळाली, असं ज्याच्याबद्दल सांगतात तो धनगर. जुन्या रस्त्यावरच्या त्याच्या देवळाशी ड्रायव्हर अजून नाणं टाकतात. गोटहार्डचा गाडीरस्ता पुरा झाला १८३० साली, आणि गव्हर्नर माल्कमने बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला तोही त्याच वर्षी. दोन्हीकडच्या लोकांना हे ठाऊक होतं की डोंगर फुकट वाट देत नाही. तिकडे बोकडावर निभावलं.

खिंडीच्या दक्षिणेला उतरतो तो ट्रेमोला. नवा रुंद रस्ता शेजारून जातो; जुना आहे तो ग्रॅनाइटच्या मुठीएवढ्या चौकोनी दगडांनी फरसबंद केलेला, चोवीस हेअरपिन एकावर एक रचलेला. दगड पंख्याच्या आकारात बसवले आहेत, त्यांच्या सांध्यांत शेवाळ आणि कुठे कुठे पिवळं रानफूल. चाकाखालून एक बारीक थरथर सुरू होते, ती सीटमधून कण्यात आणि कण्यातून दातांत येते. तो ताशी वीसनेही जात नव्हता. मागे कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. बाहेरच्या कडेची दगडी भिंत माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून सरकत होती आणि तिच्यापलीकडे आम्ही नुकतीच सोडलेली आणि आता घ्यायची अशी वळणं एकाच वेळी दिसत होती. याच रस्त्याने टपालगाडी धावायची. रुडोल्फ कोलरने १८७३ मध्ये काढलेलं तिचं चित्र आम्ही झुरिचच्या कलासंग्रहालयात पाहिलं होतं. धुळीच्या लोटातून घोडे उतारावर सुटले आहेत आणि त्यांच्या पुढे एक वासरू जिवाच्या आकांताने पळतं आहे. चित्र काढलं तेव्हा खाली रेल्वेच्या बोगद्याचं खोदकाम सुरू झालेलं होतं. नऊ वर्षांनी घोड्यांचं काम संपलं.

या घाटांत अजून कामावर असलेली मला एकच दिसली, पिवळी पोस्टबस. ग्रिम्सेल घाटात वळणाआड तिचा भोंगा वाजला, तीन सुरांचा. हे सूर रॉसिनीच्या 'विल्यम टेल'मधले. डोंगरातल्या पोस्टबसच्या रस्त्यांवर ड्रायव्हर सांगेल तसं इतरांनी मागे-पुढे व्हायचं, असा नियमच आहे. भोंगा ऐकल्याबरोबर आमच्यासारखे सगळे हौशी गुपचूप कडेला झाले, एक लाल फेरारी तर उलटी मागे गेली. बस डुलत आली. आत एक आजीबाई मांडीवर भाजीची पिशवी घेऊन बसल्या होत्या आणि बाहेर बघतही नव्हत्या.

फुर्का घाटाबद्दल थोडक्यात. वळणाच्या पोटात बेल्व्हेदेर हॉटेल आहे, १८८२चं, २०१५ पासून बंद. सगळे त्याचा फोटो काढतात. ते बांधलं ते रोन हिमनदी खिडकीतून दिसावी म्हणून. आता हिमनदीच खूप मागे सरली आहे आणि बर्फातल्या गुहेवर पांढऱ्या चादरी अंथरलेल्या होत्या, ती वितळू नये म्हणून. चादरी मळलेल्या होत्या. मी हातमोजे काढले तर हाताला पेट्रोलचा वास येत होता. आम्ही तिथे फार वेळ थांबलो नाही.

स्टेल्विओ घाटाचं नाव त्याच्या डोक्यात कधीपासून होतं, माझ्या नव्हतं. कार्लो दोनेगानी नावाच्या अभियंत्याने तो ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी बांधला, १८२५ मध्ये खुला झाला; तेव्हा मिलान सम्राटाचंच होतं आणि तिकडे फौज न्यायला स्वतःच्या हद्दीतली वाट हवी होती. १८५९ मध्ये मिलान गेलं. पहिल्या महायुद्धात या शिखरांवर तीन हजार मीटरच्या वर माणसं बर्फात खंदक खणून एकमेकांवर गोळ्या झाडत होती, आणि युद्ध संपल्यावर घाटाच्या दोन्ही बाजू इटलीत आल्या. ज्याच्यासाठी बांधला ते सगळंच गेलं. प्राडकडून चढताना अठ्ठेचाळीस हेअरपिन आहेत, प्रत्येकाशी आकडा लिहिलेला दगड, आणि आकडे उतरत जातात. डावीकडे ३,९०५ मीटरचं ओर्टलर बर्फ पांघरून उभं असतं. सायकलवाले घामाने निथळत चढत होते. १९५३ पासून जिरो ही इटलीतली सायकल शर्यत अधूनमधून इथून जाते, तेव्हापासून हा त्यांचाही घाट. झाडं संपली, गवत संपलं. विशीतल्या आकड्यांशी कुठेतरी त्याने टाकीवरचा माझा हात क्षणभर दाबला. थकला होता. पाठीवर मी हात सपाट ठेवला.

वर २,७५७ मीटरवर, खरं सांगायचं तर, जत्रा आहे. सॉसेजच्या टपऱ्या, टी-शर्ट, चुंबकं, गाड्या लावायला जागा नाही. बघण्यासारखं जे आहे ते मागे वळून बघायचं: भिंतीवर सोडलेल्या दोरासारखा तो रस्ता, आणि त्यावर रेंगाळणारे ठिपके. आम्ही पावात सॉसेज आणि आंबट कोबी घेऊन कठड्यावर बसलो. त्याने नकाशा उघडला. हॉटेल बॉर्मिओत होतं.

"आता सरळ खाली," तो म्हणाला. "मधे बोगदे आहेत. जुने, अरुंद, पण छोटे."

मी नकाशावर बोट ठेवलं. खिंडीच्या थोडं खाली उम्ब्राइलचा फाटा स्वित्झर्लंडात उतरतो, सांता मारियाला.

"अगं, सकाळी तिथूनच तर आलो. तिथे उतरलो तर बॉर्मिओसाठी परत याच वाटेने वर यावं लागेल."

"मग येऊ की."

त्याने घड्याळ बघितलं, आभाळ बघितलं, उरलेला पाव माझ्या हातात दिला आणि हेल्मेट शोधायला लागला.