आधी ब्रेक, मग पत्रा, रंग शेवटी

घरी दुरुस्तीला घेतलेल्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या अर्धवटच राहतात. मिशिगनमधल्या खेड्यापाड्यांतल्या कोठारांत अशा कितीतरी गाड्या मी पाहिल्या आहेत. इंजिन उतरवलेलं, दरवाजे भिंतीला टेकवलेले, नट-बोल्ट कॉफीच्या डब्यांत आणि एकाही डब्यावर चिठ्ठी नाही. पैसे संपले, असं मालक सांगतो. चौकशी केली की कळतं, पहिला मोठा खर्च क्रोमच्या बंपरवर किंवा रंगावर झालेला असतो, आणि ब्रेक अजून तसेच आहेत.

मी डेट्रॉइटच्या वाहन उद्योगात पत्रा आणि गंज या विषयात काम करतो. सुट्टीच्या दिवशी घरच्या गॅरेजमध्ये जुन्या शेवरले पॅनल ट्रकवर हात चालतो. कमी पैशांत हे काम करायचं तर माझ्याकडे एकच युक्ती आहे, ती म्हणजे एक वही. वहीत तीन रकाने आखायचे : जिवाला धोका, गाडीच्या आयुष्याला धोका आणि डोळ्यांना खुपणारं. पहिल्या रकान्यातलं काम पुरं होईपर्यंत दुसऱ्यावर खर्च करायचा नाही. दुसरा संपेपर्यंत तिसऱ्याकडे बघायचंही नाही.

पॅनल ट्रक म्हणजे ड्रायव्हरच्या मागे खिडकी नसलेला, पत्र्याने बंद केलेला आणि मागे दोन दारं असलेला छोटा ट्रक. पाव, फुलं, धुतलेले कपडे घरोघरी पोचवणारी ही गाडी. शेवरलेची १९४७ ते १९५५ ची ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिका अमेरिकेत फार लाडकी आहे. त्यातल्या अर्ध्या टनाच्या पॅनल ट्रकचा क्रमांक ३१०५. याच सांगाड्याला खिडक्या आणि बाकं बसवली की ती सबर्बन व्हायची. शेवरले मुंबईलाही परकी नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढून तिथे गाड्या जोडल्या, तो १९५४ मध्ये बंद झाला.

गाडी निवडतानाच निम्मं बजेट ठरतं. या ट्रकचं बॉनेट, ग्रिल आणि पुढचे मडगार्ड पिकअपचेच आहेत. पिकअप भरपूर बनल्या, त्यामुळे हे भाग आजही नवे तयार होतात. मागच्या लांबलचक बाजू, मागचे मडगार्ड आणि मागची दारं मात्र पिकअपची नाहीत. ती मिळणं कठीण. म्हणून गाडी बघायला गेल्यावर मी आधी मागे जातो आणि जमिनीवर आडवा होऊन खालून बघतो. पुढचा पत्रा कुजका असला तरी चालेल, मागचा धड हवा. आणखी एक गोष्ट : १९५३ पर्यंतच्या गाड्यांची पुढची काच दोन सपाट तुकड्यांची आहे. जवळचा कोणताही काचवाला साध्या लॅमिनेटेड काचेतून ती कापून देतो.

आता पहिला रकाना. या गाड्यांच्या चारही चाकांच्या ब्रेकना ऑइलची एकच वाट आहे. एक पाइप फुटला की पेडल थेट जमिनीला टेकतं. म्हणून पाइप, रबरी नळ्या आणि चाकांतले सिलिंडर सगळे नवे घ्यायचे आणि पुढच्या-मागच्या चाकांना वेगळी वाट देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवायचा. १९५१ पासून शेवरलेने बेंडिक्स ब्रेक दिले. त्याआधीच्या हक ब्रेकपेक्षा ते चांगले, आणि त्यांचे भागही सहज मिळतात. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवा मारून उडवू नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा. वायरिंगही याच रकान्यात. कापडी वेष्टणाच्या जुन्या तारा हात लावला की तुटतात, आणि लाकडी फळ्यांची जमीन असलेल्या गाडीत एक ठिणगी पुरते.

इंजिनच्या बाबतीत हात आवरता आला पाहिजे. १९५३ पर्यंत या ट्रकमध्ये २१६ घन इंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. त्याच्या कनेक्टिंग रॉडना खाली छोटे चमचे असतात, ते ऑइल उचलून बेअरिंगला पाजतात. त्यामुळे ऑइलचा दाब मुळातच कमी. मीटर ३० पौंडांपर्यंतच, आणि काटा मध्याशी दिसला तर तब्येत ठणठणीत. आजच्या गाड्यांची सवय असलेला माणूस हा काटा बघून घाबरतो आणि चांगलं इंजिन खोलून बसतो. आधी कॉम्प्रेशन तपासा. सहाही आकडे जवळपास सारखे आले, तर ऑइल बदला आणि इंजिनला हात लावू नका.

दुसरा रकाना माझ्या व्यवसायाचा. डेट्रॉइटच्या पोटात जवळजवळ १२०० फुटांवर मिठाची खाण आहे आणि हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ पडतं. मिठाचं पाणी पत्र्याच्या दुहेरी शिवणीत शिरलं की आत गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो शिवण आतून उसवत जातो. बाहेर फोड दिसतो तोवर आतली पट्टी गेलेली असते. त्यावर लांबी भरणं म्हणजे गंजाला पांघरूण घालणं. कुजलेला भाग कापून, त्याच मापाचा पत्रा कडेला कड लावून जोडायचा. एकावर एक चढवून जोडला की पुन्हा पाणी साठायला फट तयार.

पॅनल ट्रकची बाजू मोठी आणि जवळजवळ सपाट असते, हीच खरी परीक्षा. सलग वेल्डिंग केलं तर जोड गार होताना आकसतो, पत्रा वेडावाकडा होतो आणि बोट दाबलं की ‘टक’ करून आत-बाहेर होतो. म्हणून मी एक ठिपका देतो, दुसरा वीतभर लांब, तिसरा दुसऱ्याच टोकाला. तळवा ठेवता येईल इतकं गार होईपर्यंत थांबतो. मग दोन ठिपक्यांच्या मधे पुढचा. यात पैसा लागत नाही, वेळ लागतो, आणि घरी काम करणाऱ्याकडे तोच तर असतो. बिजागऱ्या, कड्या यांसारखे लहान भाग मी काकवी घातलेल्या पाण्यात बुडवून ठेवतो. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी. काही आठवड्यांत गंज सुटतो आणि चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. जोड पूर्ण झाले की आधी इपॉक्सी प्रायमर, मग लागेल तिथेच लांबी, आणि बंद पोकळ्यांत मेण. पाणी निघून जायची भोकं मोकळी आहेत ना, हे प्रत्येक वेळी तारेने बघायचं.

तिसऱ्या रकान्यात रंग. दोन घटकांच्या युरेथेन रंगात आयसोसायनेट असतं. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर तो घरी मारू नये. हे ट्रक साध्या एनॅमलनेच रंगायचे, आणि तो आजही स्वस्त आहे. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासकाम ओल्या कागदानेच. माझ्या सध्याच्या ट्रकची डावी बाजू अशीच घासत होतो. हिरव्या थराखाली पिवळट अक्षराची वेलांटीसारखी शेपटी दिसली. कागद बदलून बारीक घेतला, पाणी वाढवलं, आणि हळूहळू एका बेकरीचं अख्खं नाव वर आलं. खाली चार आकडी फोन नंबर. ब्रशने हाताने काढलेली अक्षरं, जाड-बारीक रेघांची, आणि एका ठिकाणी रंगाऱ्याने कडेला जागा कमी पडली म्हणून अक्षर दाबून बसवलेलं.

ती बाजू मी रंगवली नाही. वर पारदर्शक थर दिला आणि बाकी गाडी हिरवी केली. खिडक्या नसलेली ही बाजू म्हणजे दुकानाची चालती पाटी होती. कामाची गाडी जपायची तर तिच्या कामाची खूणही जपली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्यामुळे बजेटमधला एक मोठा आकडाही वाचला.

तुमच्या अंगणात वडिलांची जीप किंवा आजोबांची मेटॅडोर उभी असेल, तर पाना उचलण्याआधी वहीचे तीन रकाने आखा. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावा. पहिला रकाना संपला की गाडी रंगाविनाच गल्लीतून एक चक्कर मारून आणा. चालती गाडी पुढच्या कामाचा उत्साह देते, आणि ज्या गाडीला रोज काम मिळतं तिला गंज उशिरा गाठतो.